दातमामांच्या बाकावरचा माणूस

दातमामा जन्माचे भित्रे. ते स्वतःच सांगत, त्यामुळे आपण सांगायला हरकत नाही. गॅस बंद आहे का हे तीनदा बघणारे, लिफ्टमध्ये एकटे न चढणारे, समोरून कुत्रं आलं की रस्ता ओलांडणारे, आणि कुत्रंही रस्ता ओलांडून त्याच बाजूला आलं तर मुकाट पहिल्या बाजूला परतणारे. त्यांची बायको, म्हणजे आपल्या सगळ्यांची मामी, म्हणायची, "ह्यांच्या सावलीने पाय आपटला तर हे घरात पळतील."

पण हातात कला होती. दातांच्या दवाखान्याच्या बरोबर खाली, रस्त्यापासून चार पायऱ्या उतरून गेलं की त्यांच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लोकांना बसायला एक लाकडी बाक. आतल्या खोलीत घासायची मोटर, मेण वितळवायचा दिवा, प्लास्टरचं पोतं, आणि मागच्या अंगणात उघडणारं दार. वरचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन खाली पाठवत. मामा त्या मापात प्लास्टर ओतून साचा काढत आणि साच्यावर दात घडवत. दात लावायचे असले तर रंग जुळवायला माणूसही खाली येई. मामा त्याला खिडकीपाशी उभं करून, पांढऱ्यापासून पिवळट रंगापर्यंतच्या दातांची एक पट्टी त्याच्या ओठांशी धरत. काम झालं तरी साचा फेकायचा नाही ही त्यांची शिस्त होती. तळाला पेन्सिलने नाव आणि तारीख घालून तो फळीवर जाई. चाळीस वर्षांची गावातली तोंडं त्या फळ्यांवर ओळीने आ वासून बसली होती.

त्यातले तीन साचे एकाच बाईचे होते, आणि तिन्ही एका वर्षातले.

बाई तिशीतली. गाडी चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांची बायको. पहिल्या खेपेला एक दात नव्हता, तेव्हा ती म्हणाली न्हाणीत पाय घसरला. दुसऱ्या खेपेला आणखी एक गेला होता, कपाटाचं दार लागलं म्हणून. तिसऱ्या खेपेला तिसरा गेला होता आणि बाई काहीच म्हणाली नाही. मामांनी रंगाची पट्टी वर धरली तशी ती दचकून मागे झाली आणि तिने कोपराने तोंड झाकलं. मग "माफ करा मामा" म्हणाली. मामांचा हात पट्टीसकट तसाच हवेत राहिला. त्यांना सगळं कळलं, आणि कळल्याबरोबर भीती वाटली.

भीती कुणाची? मास्तरांची. मास्तर उंचापुरा, हसतमुख, सगळ्यांना हवाहवासा माणूस. त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक होता, आणि शिकणारा कितीही चुकला तरी मास्तर आवाज चढवत नसत, नुसता पाय दाबत. अर्ध्या गावाला गाडी त्यांनीच शिकवलेली. चौकीतल्या फौजदारालासुद्धा.

आता भित्र्या माणसाने अशा वेळी काय करावं? मामांनी भित्रे ख्रिस्ती लोक करतात तेच केलं. बुधवारच्या प्रार्थनासभेत उभे राहिले आणि म्हणाले की एका बहिणीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरात तिला मार बसतो, तिचे पुढचे दात तिसऱ्यांदा बसवायची वेळ आली आहे. नाव सांगितलं नाही. सगळ्यांनी मान खाली घातली, काहींनी सुस्कारे सोडले, आणि मामांच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या रात्री ते गाढ झोपले. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं पाप ती झोप होती.

कारण मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एक प्रार्थनासाखळी होती. कुणाची विनंती आली की सेक्रेटरीबाई पहिला फोन करत, पहिलीने दुसरीला करायचा, दुसरीने तिसरीला, आणि प्रत्येकीने फोनवरच एक मिनिट प्रार्थना करायची. पद्धत चांगली होती, त्यात खोट नव्हती. पण देवाला नाव-पत्ता नीट कळावा अशी काळजी प्रत्येकीला वाटे, म्हणून प्रत्येकीने प्रेमाने थोडी थोडी भर घातली. दात कुठे बसवतात? मामांकडे. मग मामांकडे कोण जातं? शुक्रवारपर्यंत ती बहीण कोण हे चौदा घरांना माहीत झालं होतं. शनिवारी सेक्रेटरीबाईंची भाची गाडी शिकायला गेली. चांगली मुलगी, मनात काही नाही. चौकात सिग्नलला थांबल्यावर ती मास्तरांना म्हणाली, "सर, तुमच्या घरासाठी आम्ही सगळे प्रार्थना करतोय." मास्तरांनी विचारलं, कसली? तिने सांगितलं. मास्तर म्हणाले, थँक यू, आणि हळूच ब्रेक दाबला, कारण ती बोलता बोलता पुढे निघाली होती.

हे मामांना दुपारी सेक्रेटरीबाईंच्या फोनवरून कळलं, तेही आनंदाची बातमी म्हणून. मास्तरांनी स्वतः आभार मानले, मामा! बघा देव कसा काम करतो! हातातलं मेण चटका बसेपर्यंत मामांना जाणवलं नाही. ते तसेच उठले आणि मास्तरांच्या बिल्डिंगखाली जाऊन उभे राहिले. तिसरा मजला, पडदे ओढलेले. दोनदा जिन्यापर्यंत गेले, दोनदा परत फिरले. वर जाऊन म्हणायचं तरी काय, कवळीचं माप राहिलं? तासाभराने घरी आले आणि मामीला सगळं सांगितलं. मामीने सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीसारखी चेष्टा केली नाही, त्याने मामा जास्तच घाबरले.

रविवारी उपासनेला मास्तर हजर. आयुष्यात पहिल्यांदा. बायकोला घेऊन शेवटच्या बाकावर बसलेले, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात गीतांचं पुस्तक. तिने ओढणीने नाकापर्यंत तोंड झाकलं होतं आणि डाव्या हाताच्या दोन बोटांना एकत्र पट्टी होती. मंडळीत आनंदाची लाट आली. पाळकसाहेबांनी नव्या पाहुण्यांचं स्वागत केलं. उपासना संपल्यावर मास्तरांनी मोठ्याने विचारलं, "ह्यातले दातवाले मामा कोण?" आणि दहा हात एकदम मामांकडे वळले. मास्तर आले, मामांचा हात दोन्ही हातांत घेतला. लोकांना वाटलं हस्तांदोलन चाललंय. मामांची बोटं एकमेकांवर चढेपर्यंत मास्तर ती दाबत राहिले, आणि डोळ्यांत डोळे घालून हसत म्हणाले, "तुमचे फार उपकार झाले. सोमवारी दात बसवायला मीच घेऊन येतो तिला."

ती खाली बघत होती. एकदाही तिने मान वर केली नाही.

घरी आल्यावर मामा पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, आपण पाळकसाहेबांना सांगू, ते समजावतील. मामी म्हणाली की समजावून ऐकणाऱ्याच्या बायकोला तिसऱ्या दाताची गरज लागत नाही. मग मामा म्हणाले, आपण प्रार्थना करू. तेव्हा मामी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"प्रार्थना सांगून झाली तुमची. तिची बोटं मोडली त्यात. आता हातपाय हलवा."

मामीची धाकटी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला नर्सेसच्या वसतिगृहाची मेट्रन होती. तिच्याकडे एक खोली रिकामी होती. मामीने फोन लावला, दोनच वाक्यं बोलली आणि ठेवला. ह्या वेळी साखळी नाही, एकच कडी.

सोमवारी अकरा वाजता मास्तर बायकोला घेऊन चार पायऱ्या उतरले. आत येऊ लागले तेव्हा मामांनी तोंडावरचा मास्क सारखा केला आणि सांगितलं, आत धूळ उडते, दोघांनाच उभं राहायला जागा आहे, तुम्ही बाकावर बसा. हे एवढं वाक्य त्यांनी सकाळपासून चाळीस वेळा घोकलं होतं. मास्तर बसले. मामांनी मधलं दार लोटलं, मोटर सुरू केली आणि त्या आवाजाआड बाईला सांगितलं की मागचं दार उघडं आहे, अंगणाबाहेर माझी बायको टॅक्सी घेऊन उभी आहे. जायचं असेल तर आत्ता जा. नसेल जायचं तर मी दात बसवतो.

बाईने ओढणी खाली केली. खालचा ओठ सुजून काळानिळा झाला होता. तिने पट्टीची बोटं मामांच्या डोळ्यांसमोर धरली.

"ही तुमची बुधवारची प्रार्थना, मामा."

मामांकडे नाही म्हणायला, समजावायला, आमचा हेतू चांगला होता असं सांगायला कितीतरी शब्द होते. ते म्हणाले, "हो. माझीच चूक."

"तिथे तो आला तर?"

"येईल की नाही मला माहीत नाही. मी भित्रा माणूस आहे, मला शब्द देता येत नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिला आजवर ज्यांनी ज्यांनी धीर दिला, त्यांनी सगळ्यांनी शब्दही दिला असणार, आणि त्या शब्दांचं काय झालं हे तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं. ह्या माणसाने शब्द दिला नाही म्हणून तिने विश्वास ठेवला असं मला वाटतं. माझ्याकडे माराचा पुरावा म्हणून कागद नाहीत, काही नाही, असं ती पुटपुटली. मामांनी फळीवरून तिचे तिन्ही साचे काढले, तारखांसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिले. पायात घरातल्या सपाता, हातात तीन साचे, अशी ती मागच्या दाराने गेली.

आता मोटर चालू ठेवायची होती. पण मोटर रिकामी फिरली की एक आवाज येतो आणि दात टेकवला की दुसरा, आणि बाहेर बसलेला माणूस नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून गियर ओळखणारा. मामांनी तिच्यासाठी घडवलेले ते तीन दात उचलले. महिन्यातलं सगळ्यात सुबक काम. ते चाकावर टेकवले आणि घासायला लागले. पहिला दात गेला, दुसरा गेला. बाहेरून मास्तरांनी हाक मारली, झालं का? मामा ओरडले, उंच होतायत, कमी करतोय. आवाज आपला वाटत नव्हता. तिसरा दात गेला तेव्हा त्यांनी दात ज्यात बसवले होते ती खालची गुलाबी पट्टी घासायला घेतली. पंचवीस मिनिटांनी बोटांत धरायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी बटण बंद केलं. इतकी शांतता त्या खोलीत कधी झाली नव्हती.

मामा बाहेर आले. पाय इतके लटपटत होते की उभं राहणं जमेना, म्हणून ते बाकावर मास्तरांच्या शेजारीच बसले. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, उठले, आत जाऊन आले, अंगणात जाऊन आले. परत येऊन त्यांनी दाराला कडी घातली.

"तुम्ही देवाची माणसं. खोटं बोलत नाही ना? मग सांगा, कुठे आहे?"

"खोटं बोलणार नाही," मामा म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "पण सांगणारही नाही."

आता हा आपल्याला मारणार, अशा खात्रीने मामांनी डोळे मिटले. पण मास्तरांनी हात उचलला नाही. ते हसले, परत बाकावर बसले आणि अगदी मायेने सांगू लागले की आमचा कोर्स पंधरा दिवसांचा असतो. पहिल्या दिवशी सगळे असेच थरथरतात. पंधराव्या दिवशी मी म्हणेन तिकडे वळतात. मी रोज येईन, मामा. तुम्ही सांगाल.

आणि मास्तर खरोखर रोज येऊ लागले. सकाळचे विद्यार्थी आटोपले की साडेअकराला शिकाऊ पाटीची गाडी दारात उभी राही. मास्तर बाकावर बसत. शिवी नाही, धमकी नाही. कधी पेपर वाचत, कधी आत येऊन एखादी पातळ सुरी उचलून तिच्या धारेवरून अंगठा फिरवत, कधी विचारत, मामी आज मंडईत एकट्याच गेल्या होत्या वाटतं? मामांचा जीव टांगणीला लागे. घास उतरेना. आठवड्यात पँट ढिली झाली. हातातलं माप चुकू लागलं, एका आजोबांची कवळी दोनदा करावी लागली. मामी बहिणीकडे फिरकली नाही, न जाणो मास्तर मागे यायचे. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी एक फोन, ती बरी आहे, जेवते आहे, एवढंच. तक्रार वसतिगृहाच्या बाजूच्या चौकीत दिली होती, साचे दाखवून, पण चौकशी आपल्या चालीने चालली होती. बाईची मावशी दूरच्या शहरात राहायची, बाई तिच्याकडे जाणार होती. पण मावशी बाहेरगावाहून घरी परतणार होती पुढच्या बुधवारी. म्हणून बाईचं गुरुवारी सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं होतं. तोवर फक्त बाई कुणाला दिसायला नको होती.

मंडळीत कुजबुज होतीच. मधल्या रविवारी मास्तर उपासनेला आले, मामांच्या बरोबर मागे बसले आणि सुरात गायले. सेक्रेटरीबाईंनी मामांना बाजूला घेऊन डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की एक माणूस देवाकडे वळत होता आणि तुम्ही त्याचा संसार मोडलात. मामांनी ऐकून घेतलं. त्यांना मानेवर मास्तरांचा श्वास अजून जाणवत होता.

त्या दिवशी घरी मामी म्हणाली, पुरे झालं. चार दिवस दुकान बंद ठेवा, आजारी आहे म्हणा. असेच राहिलात तर खरंच आजारी पडाल. मामा म्हणाले, "तो माझ्या बाकावर बसलेला असतो तोवर तो तिला शोधत नसतो." मामीने ह्या माणसाबरोबर पस्तीस वर्षं संसार केला होता. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, की हे कोण घरात आलंय.

बुधवार उजाडला. नववा दिवस. सकाळचा फोन झाला नव्हता, लाईन लागत नव्हती. साडेअकरा वाजले, गाडी आली नाही. पावणेबारा वाजले. बाक रिकामा. मामांना क्षणभर, अगदी क्षणभरच, बरं वाटलं. मास्तर इथे नाहीत, म्हणजे कुठे आहेत? त्यांनी पुन्हा फोन लावला. ह्या वेळी लागला. मेट्रन म्हणाली, ती बाहेर गेली आहे. नऊ दिवस खोलीत कोंडून होती, उद्याच्या प्रवासाला पायात सपाताच आहेत, म्हणून समोरच्या रस्त्यावर चपला घ्यायला गेली. तासाभरात येईल. आज तर निघायचाच आदला दिवस ना, मी म्हटलं जाऊ दे.

मामांनी फोन ठेवला. गावात रस्ते किती आणि मास्तर रोज त्यातले किती फिरतात, शिकाऊ गाडी किती हळू जाते आणि हळू जाणाऱ्या गाडीतून दोन्ही बाजूंचे फूटपाथ किती स्वच्छ दिसतात, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. पळत जावं तर पोचणार कधी? दारापर्यंत गेले, परत आले. मग ते रिकाम्या बाकासमोर गुडघ्यांवर बसले. ह्या वेळी कुणी ऐकायला नव्हतं, सुस्कारे सोडायला नव्हतं.

"देवा, त्याला इकडे पाठव," ते म्हणाले. "माझ्याकडे पाठव. आत्ता."

जगातल्या ज्या एका माणसाची त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटत होती, त्याच्यासाठी ते कान देऊन बसले. बारा वाजून गेले. सव्वाबारा. वर दवाखान्यात कुणीतरी खुर्ची सरकवली. रस्त्यावरून एक गाडी गेली, थांबली नाही. दुसरी आली आणि थांबली. दार आपटलं. चार पायऱ्यांवर बूट वाजले, सावकाश, एकेक.

मामा उठले. त्यांनी धावत जाऊन दार उघडलं.

"या मास्तर," ते म्हणाले, "बसा." आणि आत जाऊन दोघांसाठी चहा टाकला, मोठ्या भांड्यात, कारण तासभर पुरवायचा होता.